बाबूजींची केस माझ्या काचेवर

मी एक जुना मायक्रोफिल्म रीडर आहे, आणि माझी गोष्ट मी अशा एका रविवारपासून सुरू करणार आहे, ज्या दिवशी मी तिथे नव्हतोच.

१९८६च्या मार्चमधला तो रविवार. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या एका टाउनहाउसच्या मागच्या अंगणात दादाराव गजभिये नावाचे गृहस्थ ग्रिलवर वांगी भाजत होते. शेजारी ज्या ग्रिलवर हॅम्बर्गर भाजत, त्याच जातीच्या ग्रिलवर दादारावांचं भरीत होई, आणि अमेरिकेतली ही एक वस्तू तरी खास आपल्यासाठी बनवली आहे असं ते म्हणत. त्यांची मुलगी सुमेधा क्युपर्टिनोहून जेवायला आली होती. ती तिकडे सॉफ्टवेअरचं काम करी. जेवणं झाली. तिची आई रत्नाबाई यांनी उरलेलं भरीत दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून दिलं. दादाराव गाडीपर्यंत सोडायला आले, टायरला बुटाच्या टोकाने ढोसून म्हणाले, "हवा कमी आहे. पंपावर थांब." सुमेधा म्हणाली, "आय नो, बाबूजी." आणि गाडी निघाली. एवढंच. सोमवारी सकाळी ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या, दादारावांचं हृदय थांबलं.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, कोर्टाच्या कचेरीतल्या यंत्राला हे सगळं कसं कळलं? सुमेधा माझ्यासमोर बसून आईशी बोलत होती, म्हणून कळलं. आणि मला मराठी कसं येतं, असं विचाराल तर सांगतो. माझ्यासमोर बसणारी माणसं तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, आणि पुटपुटताना ती नेहमी आपल्या घरची भाषा बोलतात. इतकी वर्षं ऐकून ऐकून मला सगळ्या घरच्या भाषा समजायला लागल्या.

आता थोडं माझ्याविषयी. माझा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यात झाला. राखाडी पत्र्याचं अंग, पुढे मोठी काच, पोटात दिवा, दिव्यापुढे भिंग आणि उजव्या हाताला फिरवायचं हँडल. कामगारांनी माझं भिंग पुसून पुसून असं लख्ख केलं होतं, की पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा मला नवे डोळे मिळाल्यासारखं वाटलं. मग लाकडी खोक्यात भुशात बसून मी रेल्वेने देशाच्या या टोकाला आलो आणि एका काउंटी कोर्टाच्या रेकॉर्डच्या खोलीत स्थिरावलो. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा.

माझं काम सोपं होतं. कोर्टात निकाल लागला, की काही वर्षांनी खटल्याच्या जाड फायलींचे फोटो काढत. एकेका पानाचा फोटो नखाएवढा. असे हजारो फोटो एका फितीवर, आणि ती फीत हाताच्या मुठीत मावेल अशा रिळावर. उघड्या डोळ्यांना त्या फितीवर नुसते राखाडी ठिपके दिसत. रीळ माझ्यावर चढवलं, दिवा लावला, की ठिपक्याचं पुन्हा पान होई. मी आलो तेव्हा न्यायाधीशसुद्धा मला बघायला आले होते. एक म्हणाले, "एका खोलीतले कागद एका खणात!" त्या कौतुकाने मी आठवडाभर जरा जास्तच गरम राहिलो.

माझ्याकडे कोण कोण येई! वर्तमानपत्राचे बातमीदार येत. घर भाड्याने देण्याआधी भाडेकरूचं नाव तपासायला घरमालक येत. आपल्यावरचा खटला रद्द झाला होता, हे नव्या नोकरीत दाखवायला कागद हवा असलेली माणसं येत. ती काच पुसून पुसून वाचत. मुलाला किती शिक्षा झाली ते पुन्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आया येत. मी कोणालाच कारण विचारलं नाही. काउंटरवरच्या मिसेस ओर्टेगाही विचारत नसत. खुल्या कोर्टात जे बोललं गेलं ते सगळ्यांचं, असा इथला कायदा आहे.

अशाच एका सकाळी सुमेधा आणि रत्नाबाई आल्या. दादारावांना जाऊन तेव्हा दोनेक महिने झाले असतील.

त्या का आल्या, ते आधी सांगायला हवं. दादाराव गेल्यावर घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, नागपूरकडची आणि इथली ओळखीची सगळी माणसं जमली, आणि एकेकजण दादारावांविषयी बोलला. उल्हासकाका नावाचे त्यांचे जुने मित्र उठले. गडी दिलदार, पण गंमत केल्याशिवाय राहवत नसे. ते म्हणाले, "आमचा दादाराव लाख माणूस. एकच खोट. यार, त्या पार्किंग लॉटमध्ये ज्याने डोकं फोडून लुटलं त्यालाच कोर्टात ओळखलं नाही! म्हणाला, हा तो नव्हेच. घाबरला बिचारा." सगळे मायेने हसले. रत्नाबाईही पदरात हसल्या. सुमेधा हसली नाही. कारण हे वाक्य तिने स्वतः, कॉलेजात असताना, जेवणाच्या टेबलावर बाबूजींना ऐकवलं होतं. "यू वेअर स्केअर्ड, बाबूजी. जस्ट से इट." बाबूजींनी तेव्हा तिच्या वाटीत आणखी खीर वाढली होती.

आता विचारायला बाबूजी नव्हते. ते घाबरून खोटं बोलले, की खरं तेच बोलले? घरात वर्षानुवर्षं ही गोष्ट विनोद म्हणून फिरत राहिली होती, आणि आता ती त्यांच्या नावाला कायमची चिकटणार होती. कोर्टात बोललेलं टाइप होतं आणि जपून ठेवतात, एवढं सुमेधाला वाचून ठाऊक होतं. म्हणून ती आली होती.

तिने काउंटरवर नाव सांगितलं. "गजभिये, दादाराव. साल एकोणीसशे ऐंशी. फेलनी केस." फेलनी म्हणजे मोठा, गंभीर गुन्हा. मिसेस ओर्टेगांनी त्या सालच्या नावांच्या सूचीचं रीळ आणलं, माझ्यावर चढवलं, आणि हँडल फिरवायला लागल्या. 'जी'ची पानं काचेवरून सरकली. गजभिये नाहीत. आधीचं साल लावलं. नाहीत. नंतरचं लावलं. तरी नाहीत. शेवटी मिसेस ओर्टेगा हसून म्हणाल्या, "चांगली बातमी आहे. तुमच्या वडिलांवर या काउंटीत फेलनीचा एकही खटला झालेला नाही."

रत्नाबाईंना इंग्रजी हवं तेवढं कळत असे, आणि हे नको तेवढं कळलं.

"काय म्हणते ती? यांच्यावर खटला? अगं, यांना मार बसला होता, यांनी कोणाला मारलं नव्हतं!"

"आई, हळू बोल ना. प्लीज."

"हळू काय? सांग तिला, या माणसाने रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल सिग्नल तोडला नाही. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. अन् तू पोरगी, बापाचं नाव चोरांच्या यादीत शोधत बसलीस!"

"मी केस शोधतेय, आई. बाबूजींची केस."

मित्रांनो, चूक इथेच होती. घरात सगळे कायम 'बाबूजींची केस' म्हणत, म्हणून सुमेधा ती बाबूजींच्या नावाखाली शोधत होती. पण माझ्या रिळांवरची सूची आरोपींच्या नावाने चालते. ज्याला मार बसतो त्याचं नाव तिथे नसतं, साक्षीदाराचं नसतं. खटल्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, 'कॅलिफोर्नियाचे लोक विरुद्ध अमुक'. दादाराव त्या 'लोकां'मध्ये कुठेतरी मिसळून गेले होते.

"तुमची आई काय म्हणते आहे?" मिसेस ओर्टेगांनी विचारलं.

"ती म्हणते, माझे वडील आरोपी नव्हते. ते साक्षीदार होते."

"मग असं आधी सांगायचं, हनी! आरोपीचं नाव काय?"

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. नाव दोघींना ठाऊक नव्हतं. घरात तो माणूस फक्त 'तो चोर' होता.

"यांनी कधी सांगितलंच नाही," रत्नाबाई म्हणाल्या.

"आपण विचारलं पण नाही, आई."

मिसेस ओर्टेगांनी खांदे उडवले. नावाशिवाय सूची म्हणजे दार नसलेली भिंत. त्या काळी सूचीत वर्षाला हजारो नावं चढत. "तारीख तरी?" त्यांनी विचारलं. "साक्ष कोणत्या दिवशी झाली?"

सुमेधा डोकं हलवणार, तेवढ्यात रत्नाबाई ठामपणे म्हणाल्या, "चौदा ऑक्टोबर."

"आर यू शुअर, आई?"

"शुअर काय विचारतेस? दीक्षेचा दिवस. घरी वंदना होती. हे सकाळी पांढरा शर्ट घालून गेले ते मेणबत्त्या लावायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. पाहुणे म्हणून शरयू आणि एकनाथ लेकरांना घेऊन येऊन बसले होते. माझी खीर आटून आटून रबडी झाली. ते मी विसरेन?"

सुमेधाने मिसेस ओर्टेगांना समजावलं. १९५६ साली त्या तारखेला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यांच्यासोबत लाखोंनी घेतली. दादारावांचे वडील त्या मैदानात होते. जगाच्या पाठीवर कुठेही असलं तरी त्यांच्या घरी तो दिवस पाळतात. मिसेस ओर्टेगांनी मान डोलावली. तारीख अशी घट्ट लक्षात ठेवणारी माणसं त्यांना आवडत. त्यांनी त्या दिवसाचं कॅलेंडर, म्हणजे कोणत्या खोलीत कोणाची सुनावणी होती त्याची यादी असलेलं रीळ शोधून आणलं.

मी दिवा लावला. त्या दिवशी फेलनीच्या मोजक्याच प्राथमिक सुनावण्या, म्हणजे खटला पुढे चालवायचा की नाही ते ठरवणाऱ्या सुनावण्या, होत्या. एक गाडीचोरीची, एक बनावट चेकची. आणि एक मारहाण करून लुटल्याची, आरोपी वेंडेल प्रूइट.

सुमेधाने ते नाव पुटपुटून पाहिलं. मग सूचीत 'पी' काढला, खटल्याचा क्रमांक लिहून घेतला आणि मागणीची चिठ्ठी भरून दिली. मिसेस ओर्टेगा तळघरात गेल्या.

"कशाला पाहिजे, म्हणून विचारलं नाही तिने," रत्नाबाई हळूच म्हणाल्या.

"नाही विचारत. पब्लिक रेकॉर्ड आहे."

"म्हणजे कोणीही यावं अन् बघावं?"

"कोणीही."

"साहेबाची ओळख वगैरे?"

"काही नाही लागत, आई."

रत्नाबाई खुर्चीत जरा सैल बसल्या. "तुझ्या आजोबांना तहसीलात एका उताऱ्यासाठी पायरीवर बसवून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "आत या, असं कोणी म्हटलं नाही." मग खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "बरं आहे हे."

मित्रांनो, रीळ यायला वेळ आहे, तोवर माझं आजचं सांगून टाकतो. माझी विनंतीही इथेच सांगतो, कारण या गोष्टीचा शेवट माझा नाही, तिचा आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या खोलीत संगणक आले. हिरव्या अक्षरांची सूची पडद्यावर दिसायला लागली, आणि नाव टाइप केलं की क्रमांक पुढ्यात. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण मग मला कोपऱ्यात सरकवलं. माझ्या डोक्यावर आता कोणीतरी नेच्याची कुंडी ठेवली आहे. तिला पाणी घालतात तेव्हा थेंब माझ्या पत्र्यावर पडतात आणि गंज धरतो. रीळ फिरवणारा माझा पट्टा सैल झाला आहे. नवी माणसं म्हणतात, हे धूड भंगारात द्या. पण त्या संगणकात सूची आहे, माणसांचे शब्द नाहीत. शब्द अजून रिळांवरच आहेत, आणि रिळं वाचणारा मीच आहे. म्हणून मागणं एवढंच, की माझा दिवा पुसा, माझ्या पट्ट्याला ताण द्या, आणि रिळं कोरड्या जागी ठेवा. एखादा कागद धूळ खात पडला आहे म्हणजे त्याची वाट बघणारं कोणी नाही, असं समजू नका. आणि तुम्हाला काही शोधायचं असेल तर लाजू नका. काउंटरवर जा, विचारा. पहिल्या फेरीत मिळालं नाही तर प्रश्न बदलून विचारा.

मिसेस ओर्टेगा रीळ घेऊन आल्या. मी मनातून घाबरलो होतो. माझा दिवा त्या आठवड्यात लुकलुकत होता, आणि आजच विझला तर काय करायचं? मिसेस ओर्टेगांनी माझ्या कुशीत नेहमीचा एक रट्टा दिला. दिवा स्थिर झाला.

पोलिसांचा अहवाल सरकला, आरोपपत्र सरकलं, आणि मग सुनावणीची टाइप केलेली पानं आली. साक्षीदार, दादाराव गजभिये. व्यवसाय, इलेक्ट्रिकल इंजिनियर. रस्त्यावरच्या दिव्यांचं काम.

सुमेधाचा हात हँडलवर थांबला.

"वाच ना," रत्नाबाई म्हणाल्या. "मला ती अक्षरं लागत नाहीत. मराठीत सांग."

सुमेधा वाचत गेली आणि आईसाठी मराठीत सांगत गेली. "जज म्हणतात, जरा मोठ्याने बोला, टाइप करणाऱ्या बाईंना ऐकू येत नाही. बाबूजी म्हणतात, सॉरी सर, माझं इंग्लिश. जज म्हणतात, तुमचं इंग्लिश छान आहे."

"होतंच," रत्नाबाई म्हणाल्या. "पुढे?"

"सरकारी वकील विचारतात, तुम्हाला मारणारा माणूस इथे आहे का? बाबूजी म्हणतात, नाही सर. वकील म्हणतात, दुकानाच्या गार्डने लाल जॅकेटवरून या माणसाला ओळखलं आहे. बाबूजी म्हणतात..." ती थांबली, आणि पहिल्यांदाच थोडी हसली. "म्हणतात, त्या पार्किंग लॉटमध्ये सोडियमचे दिवे आहेत. त्यांच्या उजेडात लाल रंग लाल दिसतच नाही, तपकिरी दिसतो. गार्डसाहेबांनी लाल जॅकेट पाहिलं असेल, तर ते दुसऱ्या कुठल्यातरी उजेडात पाहिलं असेल."

"दिव्यांचं काढलंच का तिथेही!" रत्नाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "जेवताना काढायचे, लग्नाला गेलं तरी काढायचे."

"म्हणतात, मला मारणाऱ्याचा चेहरा मी हातभर अंतरावरून पाहिला. त्याच्या खालच्या ओठावर जुना व्रण होता. या गृहस्थांच्या ओठावर नाही."

"गृहस्थ म्हणाले?"

"जंटलमन म्हणाले, आई. समोर बेड्या घालून बसवलेल्या माणसाला."

हँडल आणखी एकदा फिरलं. पुढच्या पानावर सुमेधाचा आवाज बारीक झाला. मला दिसत होतं ती काय वाचते आहे ते; अक्षरं माझ्याच काचेवर होती.

"वकील विचारतात, मिस्टर गजभिये, तुम्ही घाबरला आहात का?"

रत्नाबाईंनी खुर्ची काचेजवळ ओढली.

"बाबूजी म्हणतात, हो सर. मी घाबरलो आहे. रात्री झोप येत नाही. पण या गृहस्थांना नाही घाबरलो. ज्याने मला मारलं तो बाहेर आहे. तुम्ही यांना धरून ठेवलंत, तर त्याला कोणी शोधणार नाही."

काउंटरवर मिसेस ओर्टेगा उगाच चिठ्ठ्या नीट लावत राहिल्या.

"मला हे का नाही सांगितलं यांनी?" रत्नाबाई म्हणाल्या. "मी तर खिरीवरून भांडले."

सुमेधाने उरलेली पानं सरकवली. न्यायाधीशांनी त्या दिवशी गार्डच्या साक्षीवर खटला पुढे पाठवला होता. पण रिळाच्या शेवटी, डिसेंबरातल्या एका पानावर, सरकारी वकिलांनीच खटला मागे घेतल्याची नोंद होती. पुरावा अपुरा. गजभिये यांच्या साक्षीचा विचार करता. वेंडेल प्रूइट हा घरं रंगवणारा माणूस ख्रिसमसच्या आधी आपल्या घरी गेला होता, आणि फ्रीमाँटमध्ये कोणाला ते कळलंच नव्हतं.

सुमेधाने साक्षीच्या पानांच्या दोन प्रती मागितल्या. "एक उल्हासकाकांना," ती आईला म्हणाली.

"दे. अन् मराठीत करून दे. म्हणजे नीट वाचेल तो."

मिसेस ओर्टेगा प्रती काढायला आत गेल्या. रत्नाबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या. सुमेधा एकटी उरली. तिने हँडल उलटं फिरवून तेच पान पुन्हा माझ्या काचेवर आणलं. पानाचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता. ती पुढे वाकली. मला वाटलं, पुन्हा वाचते आहे. पण माझ्यासमोर सगळे पुटपुटतात तशी ती पुटपुटली नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी, स्पष्ट आवाजात, ती म्हणाली,

"बाबूजी, तुम्ही बरोबर केलंत."